हातगुण

"ताई, राग मानू नका," डॉ. शिकलगार म्हणाले, "पण ही चव तुमच्या हाताची नाही."

प्रणोती चहाचा कप त्यांच्यापुढे धरत होती. तो तसाच अधांतरी राहिला. भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी, महानंदाबाईंनी, मान वर केली.

"माझ्या हाताची नाही तर काय पायाची?" प्रणोती म्हणाली.

शिकलगार ओशाळं हसले. पुण्याच्या 'रसबीज' नावाच्या कंपनीत ते शास्त्रज्ञ होते, मूळचे सांगलीकडचे. सोलापुरात एका मित्राकडे जेवायला गेले असताना पानात सांडग्यांची भाजी आली. एक घास घेतला आणि त्यांनी विचारलं, हे सांडगे कुठले? उत्तर आलं, वैरागच्या प्रणोती बिराजदारांचे. तेव्हापासून ही त्यांची वैरागची तिसरी खेप होती.

सांडगे काय, सोलापूर जिल्ह्यात घरोघरी होतात. मटकीची आणि हरभऱ्याची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, मिरची-लसूण-जिरं घालून मुरू द्यायची आणि मग चिमटीचिमटीने कापडावर घालून उन्हात खडखडीत वाळवायची. यात कसलं आलंय गुपित? पण प्रणोतीचे सांडगे तेलात पडले, की भाजलेल्या तिळाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि त्यामागे आणखी कशाचा तरी खमंग वास उठायचा. ती तीळही घालत नव्हती, खोबरंही नाही.

तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की या वासानेच आपल्याला या घरात जागा मिळवून दिली. ती श्रीशैलची दुसरी बायको. पहिली घटस्फोट घेऊन गेली होती. लग्नानंतरचे पहिले काही महिने प्रणोती घरात पाहुणीसारखी वावरली. महानंदाबाई तिच्या प्रत्येक कामाकडे डोळे बारीक करून बघायच्या. मग उन्हाळा आला, तिने सांडगे घातले. महानंदाबाईंनी एक तळून खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्या हाताला चव हाय बघ."

त्या एका वाक्यावर प्रणोती सात वर्षं जगली होती म्हटलं तरी चालेल.

आणि आता हा माणूस म्हणत होता, ती चव तिच्या हाताची नाही.

"असं बघा," शिकलगार कप घेत म्हणाले. "खमंगपणा म्हणजे काय? तीळ भाजले, शेंगदाणे भाजले, की उष्णतेने काही रेणू तयार होतात. पायराझीन म्हणतात त्यांना. आपल्या नाकाला तो वास आला, की 'भाजलंय' असं वाटतं. पण हेच रेणू भट्टीशिवायही तयार होतात. काही जिवाणू डाळीतली प्रथिनं खातात आणि बदल्यात हे रेणू टाकतात. आम्ही हाच धंदा करतो, ताई. आज बाजारात मिळणारा व्हॅनिला घ्या, केवडा घ्या, थंडीतल्या आईस्क्रीममधला हापूस घ्या. सगळं स्टीलच्या टाक्यांमध्ये जिवाणू बनवतात. कायद्याने ते नैसर्गिकच. पण तुमच्या सांडग्यांत जो जिवाणू सापडला, तसा खमंगपणा बनवणारा आमच्या संग्रहात एकही नाही."

"मग माझ्याच हातावर सापडला ना तो? तुम्हीच तर कापसाच्या काडीने पुसून नेलंत."

"तुमच्या हातावर सापडला. पण तुम्ही महिनाभर मंगळवेढ्याला, माहेरी होतात तेव्हा?"

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती गेली होती. शिकलगारांनी दिलेल्या काड्या तळहातावर फिरवून नळीत बंद करून पाठवत होती. आईकडे तिने सांडगेही घातले होते. ते नुसते डाळीसारखे लागले, तेव्हा तिने पाण्याला दोष दिला होता.

"माहेरी गेल्यावर आठवडाभरात तुमचा हात कोरा झाला," शिकलगार म्हणाले. "इथे आलात, सांडग्यांना बसलात, की तो पुन्हा आला. म्हणजे तो तुमच्या अंगावर राहत नाही. या घरात राहतो. हा जिवाणू बीजाणू धरतो. बीजाणू म्हणजे त्याची झोपलेली अवस्था. अंगाभोवती टणक कवच. ऊन, कोरडेपणा, साधं उकळतं पाणीसुद्धा त्याला मारू शकत नाही. वर्षानुवर्षं तो एखाद्या कापडाच्या धाग्यात पडून राहतो आणि ओलं पीठ लागलं की जागा होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही सांडगे घालता ते कापड बघू?"

कापड म्हणजे एक जुनं जाड धोतर होतं, चौघडी करून कपाटावर ठेवलेलं. शिकलगारांनी हातमोजे घालून त्याचा एक धागा कापून घेतला.

"हे कुणाचं?"

प्रणोतीने सासूकडे बघितलं. ती आली तेव्हापासून ते घरातच होतं. तिला वाटत होतं, ते सासऱ्यांचं असणार.

महानंदाबाई लसूण सोलू लागल्या. पण पाकळी आधीच सोललेली होती.

उत्तर दारातून आलं. सौरपंपाच्या दुरुस्तीवरून परतलेला श्रीशैल चपला काढत उभा होता.

"राजेश्वरीचं," तो म्हणाला. "तिच्या वडिलांचं धोतर होतं. ती येताना घेऊन आली होती."

त्याच्या पहिल्या बायकोचं नाव या घरात प्रणोतीने पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकलं.

*

पुढचे काही दिवस तिला काहीच धड सुचेना. राग यावा तर कुणाचा, हेच कळत नव्हतं. राजेश्वरीने तर तिचं काही घेतलं नव्हतं. उलट हिशेब केला तर प्रणोतीच तिचं काही वापरत होती. पण न सांगता कुणाच्या घरात स्वतःला सोडून जाणं, हेही काही बरोबर आहे का? आणि सोडून जाणारीला तरी काय माहीत?

तिने बाजारातून नवं मांजरपाट आणलं, धुतलं, हात साबणाने घासले आणि थोडी डाळ वाटून नवे सांडगे घातले. ऊन कडक होतं, लवकर वाळले. दुपारी श्रीशैलच्या पानात तिने दोन वाट्या ठेवल्या.

"दोन्ही खा. कोणते चांगले झालेत सांगा."

त्याने दोन्ही खाल्ले. "दोन्ही छान आहेत."

"नीट खा की."

"खाल्ले की गं. छान आहेत."

"अहो, एकात वास आहे, एकात नाही. पुण्याचा माणूस इतक्या लांबून धावत येतो आणि सात वर्षं रोज जेवणाऱ्या तुम्हाला फरक कळत नाही?"

तो गोंधळला. श्रीशैल वाईट माणूस नव्हता. पंपाचा नुसता आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते तो सांगायचा, पण माणसांच्या बाबतीत त्याला ते कधी जमलं नाही.

"तिचे कसे लागायचे?" प्रणोतीने विचारलं.

"कुणाचे?"

"उगीच वेड पांघरू नका."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "आठवत नाही," म्हणाला.

आता याचं काय करायचं? तिचे सांडगे खाताना सात वर्षं त्याला राजेश्वरी आठवत असेल, तर ते वाईट होतं. आणि पहिल्या बायकोच्या हातची चव तो साफ विसरला असेल, तर उद्या आपलीही विसरेल, तेही वाईटच होतं. प्रणोतीने दोन्ही वाट्या उचलल्या आणि आत जाऊन एका डब्यात एकत्रच ओतल्या. मग तिलाच कळेना, आपण हे का केलं.

त्यातच शिकलगारांचा फोन आला. धोतराच्या धाग्यात तोच जिवाणू निघाला होता, म्हणजे तो राजेश्वरीबाईंकडूनच आलेला असणार. माणसाच्या अंगावरून मिळालेला जिवाणू विकायचा असेल, तर तो मुळात ज्याच्या अंगावरचा, त्याची संमती लागते, असा कायदा नुकताच झाला होता. कंपनीने राजेश्वरीबाईंना फोन केले होते, पण फसवणुकीचा प्रकार समजून त्यांनी ते कापले. श्रीशैलभाऊ बोलतील का?

श्रीशैलने फोन हातात घेतला, नंबर काढला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी म्हणाला, "काय बोलू? तुझे जंतू आमच्याकडे राहिलेत म्हणू?"

"द्या इकडे," प्रणोती म्हणाली. "मीच जाते."

*

लातूरला एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला राजेश्वरीची खोली होती. ती कवळ्या बनवायची. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, वरचे-खालचे, जणू गावातले सगळे म्हातारे तोंड उघडून बसलेत. कोपऱ्यात एक यंत्र बारीक आवाज करत थराथराने एक दात घडवत होतं. राजेश्वरी उंच होती, केस आखूड कापलेले, हातावर पांढरी भुकटी.

प्रणोतीने आपलं नाव सांगितलं. कुणाची कोण, हे सांगताना जीभ अडखळली.

"कळलं," राजेश्वरी म्हणाली. "बसा. त्या जबड्यावर नाही, खुर्चीवर." मग एकदम विचारलं, "श्रीशैल बरा आहे ना? काही झालं का त्याला?"

"नाही, नाही. ते बरे आहेत. मी सांडग्यांसाठी आलेय."

राजेश्वरीने भुवया उंचावल्या. प्रणोतीने सगळं सांगितलं. शिकलगार, बीजाणू, धोतर. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. राजेश्वरी मात्र मन लावून ऐकत होती. जिवाणूंशी तिची रोजची गाठ होती. कवळी नीट बसली नाही तर हिरडीवर कोण राहायला येतं, हे तिला ठाऊक होतं.

"ते धोतर अजून आहे?" तिने विचारलं. "मला वाटलं, फेकलं असेल."

प्रणोतीने तळून आणलेल्या सांडग्यांचा डबा उघडला. राजेश्वरीने हात धुतले, एक सांडगा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. 

"छान आहे," राजेश्वरी म्हणाली. "पण हा माझा नाही."

"असं कसं? डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. मी चार उन्हाळे त्या घरात सांडगे घातले. त्याच धोतरावर. नुसते डाळीसारखे लागायचे. महानंदाबाई म्हणायच्या, हिच्या हाताला चवच नाही. माझे सांडगे त्या म्हशीला घालायच्या." ती हसली. "आणि खरं सांगू? म्हैससुद्धा नाइलाजाने खायची."

प्रणोतीला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. जिचा इतके दिवस मनातल्या मनात हेवा केला, तिचं सगळं म्हशीच्या घमेल्यात गेलं होतं.

"म्हणून गेलात तुम्ही?"

"सांडग्यांसाठी कुणी घर सोडतं का?" राजेश्वरी म्हणाली. "मी बोलायचे आणि श्रीशैल 'छान' म्हणायचा. काहीही बोललं तरी छान. एक दिवस मी म्हटलं, मी जाते. तर थोडा वेळ थांबून म्हणाला, जपून जा."

खोलीतलं यंत्र थांबलं. दात तयार झाला होता.

"मग आता माझ्याकडून काय हवं?" राजेश्वरीने विचारलं.

प्रणोतीने पिशवीतून काड्या काढल्या. "हातावरून, मानेवरून... आणि डॉक्टर म्हणाले, हात सारखे धुतले जातात, तिथे काही उरलं नसेल. एक जागा अशी आहे, जिथे पाणी-साबण फारसा पोचत नाही. तिथे जुने जिवाणू टिकून राहतात." तिचा आवाज खाली गेला. "बेंबी."

राजेश्वरी इतक्या जोरात हसली, की बाहेरच्या बाकावरचे एक आजोबा डोकावून गेले.

"त्या घरात मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही," डोळे पुसत ती म्हणाली, "आणि आता कंपनीला माझी बेंबीच हवीय? आण ती काडी."

*

हात कोरे निघाले, मानही. बेंबीत तोच जिवाणू सापडला, धोतरातल्या जिवाणूचा थेट पूर्वज. शंकेला जागाच राहिली नाही. पण शिकलगार हे सांगायला आले तेव्हा त्यांचाही चेहरा पडलेला होता.

"एक अडचण आहे, ताई. राजेश्वरीबाईंचा जिवाणू आम्ही डाळीत वाढवला. भरपूर वाढला. पण वास शून्य. मुका आहे तो. मग आम्ही त्यात एकेक करून वेगवेगळे पदार्थ मिसळून बघितले. एक अमिनो आम्ल मिळालं, की तो खमंगपणा बनवायला लागतो. आणि ते आम्ल..." ते घुटमळले. "तळहाताच्या घामात असतं. सगळ्यांच्याच असतं. तुमच्या हातांना घाम जरा जास्त येतो का?"

प्रणोतीने हात पदरात घेतले. शाळेत असल्यापासून तिच्या हाताखालची वही ओली व्हायची. लग्नाच्या दिवशी हातात हात देतानाही तिला तीच धास्ती होती.

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते!" महानंदाबाई एकदम उजळल्या. "तिच्या हाताला चव नव्हतीच की! हे यंत्रानंसुद्धा सांगितलं."

"आणि माझ्या हाताला, आत्या?"

महानंदाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुझ्या हाताला घाम हाय," त्या म्हणाल्या.

प्रणोतीला हसावं की रडावं कळेना. शिकलगार म्हणाले, कायद्याच्या दृष्टीने जिवाणू राजेश्वरीबाईंचाच. घामाचा मालक कायद्यात नाही. संमती त्यांनी द्यायची.

त्याच संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला.

"मला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचंय म्हणे. मला नाही कळत, प्रणोती. त्या घरातून निघताना मी मागे काही सोडलं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता म्हणतात, तेवढंच माझं तिथे रुजलं. आणि तेही तुझ्यामुळे. तूच सांग. तू म्हणशील ते मी म्हणते."

"मी कशी सांगू?"

"मग मी तरी कशी सांगू?"

दोघींनाही एकदमच हसू आलं. प्रणोतीला त्या हसण्याचं नवल वाटलं, कारण ते अवघड वाटत नव्हतं.

विचार करायला तिने चार दिवस मागितले. ते चार दिवस ती घरात हरवल्यासारखी फिरली. भाजीला फोडणी देताना वाटायचं, यातलं माझं काय? मीठ? मिठाचा हात तर आईचा. मिरचीचं प्रमाण सासूचं. वेळ, जाळ, भांडं, सगळं कुणाकुणाकडून आलेलं. मग आपण इतकी वर्षं कशाला भुललो होतो? एकदा तिने ते धोतर प्रेशर कुकरमध्ये घालून गॅससुद्धा पेटवला. उकळत्या पाण्याने न मरणारे बीजाणू वाफेच्या दाबाखाली मरतात, हे तिला शिकलगारांकडूनच कळलं होतं. शिट्टी व्हायच्या आत श्रीशैल पाणी प्यायला आत आला.

"काय शिजतंय?"

"धोतर."

त्याने कुकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 'छान' म्हणाला असता तर तिने बहुतेक कुकरच फेकला असता. पण तो पुढे आला आणि त्याने गॅस बंद केला.

"मी तिचे सांडगे कधी खाल्लेच नाहीत," तो म्हणाला. "आई पानात वाढायचीच नाही. तू विचारलंस तेव्हा आठवत नाही म्हणालो, कारण आठवायला काही नव्हतंच. आणि मी आईला कधी विचारलंही नाही, तिचे कुठे जातात म्हणून."

इतकी वाक्यं त्याने एका दमात कधी उच्चारली नव्हती. प्रणोतीची एक भीती तिथल्या तिथे संपली. पण त्या जागी सुटल्यासारखं वाटण्याऐवजी तिला लातूरच्या खोलीतली ती उंच बाई दिसली, डोळे मिटून सांडगा चावणारी.

चौथ्या दिवशी तिने फोन केला.

"हो म्हणून टाका."

"नक्की?"

"नक्की काहीच नाही. पण जोवर ती चव या घरात आहे, तोवर ती तुमची की माझी हा प्रश्न सुटायचा नाही. एकदाची सगळ्यांची होऊ दे. मग कुणीच विचारणार नाही."

*

कंपनीने त्या जिवाणूत थोडा फेरफार केला. आता त्याला घामाची वाट बघावी लागत नव्हती. लहान बाटलीत बीजाणूंची भुकटी, नाव ठेवलं 'हातगुण'. भिजवलेल्या पिठात, डाळीत, कणकेत चिमूटभर टाकायची. पहिल्या उन्हाळ्यात ती शहरांत खपली, दुसऱ्या उन्हाळ्यात गावोगाव. वसतिगृहांच्या खिचडीत, रुग्णालयांच्या पेजेत, मुलांच्या चिप्समध्ये तो वास आला. आणि एक गोष्ट सगळीकडे ऐकू येऊ लागली. नागपूरचा माणूस म्हणे, अगदी माझ्या आईच्या हातची चव. मालवणचा म्हणे, माझ्या आईच्या हातची. नंदुरबारच्या बाईनेही तेच लिहिलं.

वैरागला मात्र महानंदाबाईंचा उत्साह मावळला. "आता काय, सगळ्यांच्याच हाताला चव हाय," त्या म्हणायच्या आणि कुंपणाशी जायच्या नाहीत. प्रणोतीच्या सांडग्यांचं कुणाला कौतुक उरलं नाही. तिला वाटलं होतं तसंच झालं. कुणी विचारत नव्हतं, कुणी तुलना करत नव्हतं. तिला हलकं वाटत होतं. श्रीशैल मधूनमधून एखादं पूर्ण वाक्य बोलायला लागला होता. लातूरला तिचं जाणं-येणं सुरू झालं, आणि राजेश्वरीने महानंदाबाईंच्या दुखऱ्या कवळीचा ठसा मागवून नवी करून पाठवली. महानंदाबाईंनी ती बसवली आणि दिवसभर एक शब्दही न बोलता भाकरी चावली.

एकदा शिकलगार सहज म्हणून येऊन गेले. ते थकलेले वाटले.

"लोक म्हणतात आईच्या हातची चव, त्याचं मला सुरुवातीला बरं वाटायचं," ते म्हणाले. "पण ताई, चवीची आठवण फोटोसारखी पेटीत पडून नसते. आठवली, की मेंदू ती पुन्हा नव्याने लिहितो. त्या वेळी तोंडात जे असेल, ते त्यात मिसळतं. माझी अम्मी गेल्या वर्षी गेली. तिच्या हातचा डाळ-मटणाचा दालचा आठवायला बसलो, की आता 'हातगुण' आठवतो. मी स्वतः बनवलेला."

 प्रणोतीने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मात्र तिला आईची फार आठवण आली आणि दुसऱ्या दिवशी ती मंगळवेढ्याला गेली.

"अंबाडीची भाजी कर," उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं.

आईची अंबाडीची भाजी भावंडांच्या वादाचा विषय होती. धाकट्याला ती फार आंबट वाटायची, प्रणोतीला पुरेशी आंबट वाटायची नाही. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. आईने डाळ-कण्या भिजत घातल्या, परसातली अंबाडी खुडली, निवडली, शिजवली, हाताने घोटली. प्रणोती शेजारी बसून गप्पा मारत होती आणि तिचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. कुठेही बाटली दिसली नाही.

पान वाढलं. प्रणोतीने भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिला घास घेतला.

आधी आंबटपणा आला. मग लसूण. आणि मग, सगळ्याच्या मागून, सावकाश, भाजलेल्या तिळाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि आणखी कशाचा तरी वास.

"आई, यात त्या बाटलीतलं घातलंस का?"

"कुठली बाटली? ती होय? शेजारणीनं दिली होती, दोनदा वापरली असंल. कधीच संपली. मला कशाला लागतीय?"

दोनदा. तेवढं पुरेसं होतं. कापडात, पाटाच्या चिरेत, आईच्या नखांच्या कडेला तो जिवाणू आता घर करून राहिला होता.

प्रणोतीने डोळे मिटले आणि जुनी भाजी आठवायचा प्रयत्न केला. तिला कोचा पडलेलं ताट आठवलं, धाकट्याचं फुरंगटलेलं तोंड आठवलं, आईच्या बांगड्यांचा आवाज आठवला. चव येईना. येत होती ती हीच, आत्ताची. तिने आईचा हात ओढून नाकाशी धरला.

"काय गं? वास येतोय का हाताला?"

"नाही." तिने हात सोडला. "आई, पूर्वी कशी लागायची गं ही भाजी? आम्ही लहान होतो तेव्हा?"

आईने पातेल्यातली थोडी भाजी तळहातावर घेतली, चाटून बघितली आणि बोटं पुसत म्हणाली,

"अशीच की. मी बदललीय व्हय कधी?"

आणि तिने लेकीच्या पानात आणखी भाजी वाढली.